मादोन्ना वाकली नाही

रोक्कास्पिना,
मार्च महिना

प्रिय फिलोमेना,

हे पत्र तुझ्या घरी न येता तुझ्या शिवणकामाच्या दुकानात आलं, याचं तुला नवल वाटेल. इथल्या पोस्टातही मी ते टाकलेलं नाही. फादर आद्रियानो कामासाठी रेज्जोला जाणार आहेत, त्यांच्या हाती देते आहे, ते तिथून टाकतील. मी फोन उचलत नाही म्हणून तू चिडली असशील. चीड. मीसुद्धा चिडलेलीच आहे, आणि कोणावर चिडू ते कळत नाही म्हणून आणखी चिडते आहे.

मागे तू म्हणाली होतीस, "कातेना, तू उगाच बाऊ करतेस. ते सगळं आजोबांच्या काळात होतं." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तुला आजोबांची गोष्ट आठवते ना? स्पेनचे तीन सरदार, बहिणीची अब्रू घेणाऱ्याला मारून कैदेत पडले, बेटावरच्या अंधारकोठडीत बसून त्यांनी गुप्त टोळीचे नियम रचले, आणि सुटल्यावर एक सिसिलीत गेला, एक नेपल्सला, आणि तिसरा आपल्या डोंगरात आला. आजोबा सांगताना आवाज खाली आणायचे, जणू देवाची कथा सांगताहेत. मला लहानपणी वाटायचं, काय शूर भाऊ होते! आता वाटतं, त्या बहिणीला कोणी विचारलं होतं का? तिचं तर गोष्टीत नावसुद्धा नाही.

इथे राहून मला जे दिसतं ते असं आहे. सिसिलीतल्या टोळीत म्हणे बाहेरचा माणूस पारखून आत घेतात. आपल्याकडे बाहेरचा कोणी नसतोच. बाप, भाऊ, चुलता, जावई. पोरगा पाळण्यात असतानाच लोक म्हणतात, हा त्यांच्यातला होणार. मोठा झाला की बोट टोचून संत मिकेलेच्या चित्रावर रक्त सांडतात आणि ते चित्र त्याच्या तळहातावर जाळतात. दोन घराण्यांत वैर असेल तर मुलगी देऊन मिटवतात, आणि वैर नसेल तर होऊ नये म्हणून देतात. त्यामुळे पकडलेला माणूस तोंड उघडत नाही. उघडणार कसा? प्रत्येक नाव त्याच्या जेवणाच्या टेबलावरचंच असतं. आणि हे सगळं कोणी उच्चारत नाही. 'ते लोक' म्हणायचं आणि हनुवटी जरा वर करायची. तू जर्मनीहून ऑगस्टमध्ये येतेस, समुद्रावर जातेस, तेलात मुरवलेल्या वांग्यांच्या बरण्या भरून नेतेस. तुला काय दिसणार? दिसण्यासारखं काही नसतंच.

गेल्या वर्षीच्या मिरवणुकीचं मी तुला अर्धवटच सांगितलं होतं. दरवर्षी मादोन्नाची, आपल्या मेरीमातेची पालखी 'त्या लोकांच्या' म्होरक्याच्या, डॉन कोसिमोच्या घरापुढे थांबते, पुढचे खांदेकरी गुडघे वाकवतात आणि मूर्ती त्याच्या गच्चीकडे झुकते. आपण लहानपणापासून बघत आलो. मला खरंच वाटायचं की मादोन्नाची ती रीतच आहे. फादर आद्रियानो नवे. त्यांनी सांगितलं, या वर्षी मूर्ती कुठेही थांबणार नाही, आणि खांद्याचे मानकरी चिठ्ठ्या टाकून ठरतील. पुढचा उजवा दांडा साव्हेरिओच्या नावावर निघाला. आमच्या ह्यांच्या! ज्या माणसाने आयुष्यात भट्टीतल्या विस्तवाखेरीज कोणाशी भांडण केलं नाही.

कोसिमोच्या घराजवळ आल्यावर बाकीच्यांची पावलं आपोआप मंदावली. बँडही थांबला. गच्चीत तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा होता, बाजूला त्याची बायको दोन्ना आसुंता. साव्हेरिओ चालत राहिला. मूर्ती हिंदकळली. बायका ओरडल्या. मागच्यांपुढे दोनच वाटा होत्या, चालायचं नाहीतर मादोन्नाला पाडायचं. ते चालले. कोसिमोने क्रूसाची खूण केली आणि हसला. घरी आल्यावर मी साव्हेरिओला विचारलं, का केलंस हे? तो खांदा चोळत म्हणाला, "ती माझ्या खांद्यावर होती गं. तिला त्याच्यापुढे वाकवायची मला लाज वाटली." एवढंच. पुन्हा तो विषय त्याने काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे पाव फळीवर तसेच राहिले.

फिलोमेना, कोणी खिडकी फोडली असती तर मला बरं वाटलं असतं. निदान फुटलेली काच दाखवता आली असती. पण कोणी काही केलंच नाही. लोक रस्त्यात भेटत, नमस्कार करत, तब्येत विचारत, आणि पाव खालच्या गावातून आणत. म्हातारी पीना, जी माझ्या लग्नाआधीपासून आमच्याकडचा पाव खाते आहे, तीसुद्धा येईना. मी तिला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "कातेना, माझा नातू त्यांच्या खडीच्या खाणीवर कामाला आहे. मला कोणी काही सांगितलंय असं नाही. कोणालाच कोणी काही सांगितलेलं नाही." मग पिठाच्या गिरणीवाल्याच्या गाडीला आमच्या गल्लीत वळायला जागा पुरेना. इतकी वर्षं पुरत होती.

मी चौकीत गेले. तिथला अंमलदार उत्तरेकडचा, सभ्य माणूस. त्याने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तक्रार कशाची लिहू? पाव न घेणं हा गुन्हा नाही." मला त्याच्या टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. कारण तो बरोबर बोलत होता. मी गावातल्या एकेकाला विचारलं असतं तरी प्रत्येकाने शपथेवर सांगितलं असतं की आपल्याला कोणी काही बोललेलं नाही, आणि त्यातला एकही माणूस खोटं बोलला नसता. कोसिमोने त्या दिवशी गच्चीत फक्त हसून दाखवलं होतं. त्यांचं सगळं तेवढ्यावर चालतं.

नाताळच्या आधी दोन्ना आसुंता घरी आली. मधातल्या गोड पुऱ्यांचं ताट घेऊन, शेजारधर्म म्हणून आल्यासारखी. माझ्या पडद्यांचं कौतुक केलं. मग म्हणाली, "पुरुषांचं काय गं, एकाचा खांदा ताठ, दुसऱ्याची मान ताठ. सांधायचं आपण बायकांनीच. माझा भाचा रोझारिओ मिलानहून वकील होऊन आलाय. तुझी मिम्मा त्याच्या मनात भरली आहे. दोन घरं जवळ आली की लोक पुन्हा पावाला येतील." ती एकदाही आवाज चढवून बोलली नाही. जाताना मिम्माच्या गालावरून हात फिरवला. मिम्मा तेव्हा भांडी पुसत होती. आसुंता गेल्यावर ती मला म्हणाली, "मी हो म्हटलं तर बाबांची भट्टी चालेल, असंच ना?" एकोणीस वर्षांची पोर. आपल्या किमतीचा विचार ती इतक्या शांतपणे करत होती, की मी तिच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि दुसरं काही सुचेना म्हणून तीच भांडी पुन्हा पुसत बसले.

त्याच आठवड्यात मी तुला फोन केला. तू लगेच म्हणालीस, "पाठव तिला श्टुटगार्टला. आमच्या हॉटेलवरच्या खोलीत राहील, जर्मन शिकेल, नर्सिंगला जाईल." मी किती रडले ते तू ऐकलंस. कित्येक महिन्यांनी मला जेवण गोड लागलं. साव्हेरिओ बॅग आणायला निघाला होता. मी त्याला अडवलं, गावातून घेऊ नको म्हटलं, कोणी बघेल. मी हे फक्त तुला सांगितलं होतं. पीनाला नाही, फादरनासुद्धा नाही.

पुढच्या रविवारी चर्चमधून बाहेर पडताना आसुंताने माझा हात धरला, माझा स्कार्फ नीट केला आणि म्हणाली, "मिम्मा तुझ्या बहिणीकडे जातेय म्हणे. चांगलं केलंस. ब्रुनोच्या हॉटेलात तेल आणि चीज आमच्या घरचा नीनोच पोहोचवतो. तो लक्ष ठेवील तिच्यावर. रोझारिओलाही कामासाठी तिकडे जावं लागतंच." आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

मला तुझ्या नवऱ्याला, ब्रुनोला वाईट म्हणायचं नाही. नीनो माल उतरवताना त्याने सहज सांगितलं असेल, बायकोची भाची येणार आहे म्हणून. सगळे सहजच सांगतात. तेल चांगलं आहे, वेळेवर येतं, मग दुसऱ्याकडून का घ्यायचं, असंही ब्रुनो म्हणेल. म्हणूनच तुझ्या त्या वाक्याचा मला एवढा राग येतो. आजोबांच्या काळात ते डोंगर ओलांडत नव्हते. आता ते तुझ्या स्वयंपाकघरात उभे आहेत, आणि तू त्यांच्या तेलात मासे तळते आहेस.

तर हे पत्र यासाठी. मिम्मा तुझ्याकडे येणार नाही. ती सोमवारी गेली. फादरनी वाट दाखवली, साव्हेरिओने सोडलं. ती कुठे आहे ते त्या दोघांना माहीत आहे. मी मुद्दाम विचारलेलं नाही, कारण तू विचारलंस तर मी सांगून बसेन, हे मला ठाऊक आहे. ब्रुनोला सांग, कातेना भांडली, तिने पोरगी पाठवायचं रद्द केलं. खुशाल माझ्यावर आग पाखड, हॉटेलात सगळ्यांना ऐकू जाईल अशी. साव्हेरिओ अजून रोज भट्टी पेटवतो, थोडेच पाव करतो. फादर घेतात, तो चौकीतला अंमलदार घेतो, उरलेले आम्ही दोघं खातो. ऑगस्टमध्ये ये. माझ्याजवळ बस, नाहीतर बसू नकोस, कशीही ये. फक्त माझ्या मुलीचं नाव काढू नकोस. एका आईच्या पोटच्या आपण दोघी, आणि मला माझं लेकरू तुझ्यापासून लपवावं लागतंय. त्यांनी माझी भट्टी थंड केली, तेही मी एखाद वेळ विसरेन. हे नाही विसरणार.

अजूनही तुझीच,
कातेना