शनिवारचे फुटाणे

बाबा, माझ्या नातीला माकड चावलं. तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली, ती आठ वर्षांची, तुम्ही तिला पाहिलंच नाही. प्रताप नगरच्या बगीच्यात, सकाळी, माझ्या डोळ्यांसमोर तिच्या दंडाला चावलं. जखम भरली, इंजेक्शनं झाली, ती शाळेत जायला लागली. मी ठीक आहे. म्हणजे जेवते, झोपते, सीरियल बघते. रडू येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही. घरी सगळ्यांना मी सांगितलं की ती त्याच्याकडे बघून हसली, म्हणून ते धावून आलं. ती हसली नव्हती.

हे हसण्याचं, माकडाला दात दाखवण्याचं मी कुठून आणलं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही सरकारी बगीच्यात माळी, आणि शाळेला सुटी असली की आईने बांधलेला डबा घेऊन मी तुमच्याकडे. त्या दिवशी पंपाच्या खोलीमागे तुम्ही गुलाबाची छाटणी करून राहिले होते, आणि लाल तोंडाचं एक माकड भिंतीवर बसून आरामात पाठ खाजवून राहिलं होतं. मला फिस्सकन हसू फुटलं. तुम्ही कात्री टाकून आले आणि अशी चापट दिली की कानात शिट्टी वाजली. "काहून मारलं मले?" मी रडत विचारलं. "दात दाखवू नको वं त्याले. त्याले वाटते तू भांडाले आली," तुम्ही म्हणाले, आणि मला पाठीशी घालून एकेक पाऊल मागे सरत खोलीत नेलं. संध्याकाळी सायकलच्या दांडीवर बसवून घरी नेताना सगळं समजावलं. डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, पळायचं नाही, ओरडायचं नाही. त्याने पिशवीला हात घातला तर पिशवी सोडून द्यायची, कारण पिशवी दुसरी आणता येते. आणि चावलंच तर आधी नळाखाली साबणाने धुवायचं. मी हे माझ्या मुलाला शिकवलं, त्याने त्याच्या मुलीला.

आणि खायला तर द्यायचंच नाही. शनिवारी लोक मारुतीचं म्हणून फुटाणे, केळी घेऊन यायचे. तुम्ही फावडं बाजूला ठेवून हात जोडायचे. "नका टाकू साहेब. ते हाताले सोकावते, मंग लेकराच्या हातचं ओढते." एकदा एक गृहस्थ म्हणाले, "तुले काय समजते गा देवाचं?" तुम्ही बौद्ध, हे त्यांना ठाऊक होतं. "देव असू द्या न साहेब," तुम्ही म्हणाले, "पण चावते." ते मूठमूठ टाकून निघून गेले. तुम्ही झाडूने फुटाणे गोळा केले आणि मी टोपलं धरलं. मला तेव्हा तुमची लाज वाटली होती की त्यांचा राग आला होता, आता आठवत नाही.

रिटायर झाल्यावर मी प्रताप नगरच्या बगीच्यात फिरायला जाऊ लागले. पाच-सहा जणी भेटल्या. चांगल्या आहेत बायका, बाबा. बीपीच्या गोळ्या, सुनांची गाऱ्हाणी, कोणाकडे संत्री स्वस्त, अशा गप्पा. नवरा गेल्यावर सकाळचा तो एक तासच काय तो माझा होता. एका शनिवारी सगळ्यांनी फुटाणे काढले. माझे हात रिकामे. एक जण सहज म्हणाली, "काहो ताई, तुमच्यात शनिवार नाही करत का?" तुमच्यात. मेला तो शब्द! तेहतीस वर्षं नोकरी केली, साहेबांशी भांडले, कोणाच्या बापाला घाबरले नाही. तिथे मात्र घाबरले. "करतो ना," मी म्हटलं. पुढच्या शनिवारी पावशेर फुटाणे घेऊन गेले. मग दीड वर्ष एक शनिवार चुकवला नाही. त्यातलं एक माकड मला ओळखायला लागलं, फाटकापासून मागे यायचं. बायका म्हणायच्या, "ताईंवर बघा किती कृपा आहे!" आणि मला बरं वाटायचं.

त्या शनिवारी पोरीला सुटी होती, म्हणून सोबत नेली. माझ्या चपलेचा पट्टा निसटला. वाकताना मी पिशवी तिच्याकडे दिली, म्हटलं, "घट्ट धर हं." तेवढ्यात ते आलं. तिने सगळं बरोबर केलं, बाबा. मान खाली घातली, पळाली नाही, तोंड मिटून उभी राहिली. फक्त पिशवी सोडली नाही, कारण मी घट्ट धर म्हटलं होतं. कोणीतरी हळद लावा म्हणालं. मी तिला नळाखाली नेऊन कितीतरी वेळ साबणाने दंड धुतला, तेवढं तुमचं ऐकलं. दवाखान्यात मुलगा धावत आला. "आई, झालं काय?" बायका शेजारीच उभ्या होत्या. फुटाणे म्हटलं असतं तर त्याने तिथेच विचारलं असतं की आपण कधीपासून शनिवार करायला लागलो. म्हणून मी म्हटलं, हसली ती.

तो तिच्यावर ओरडला. "किती वेळा सांगितलं होतं तुले?" दोन दिवस ती म्हणत होती, "मी नाही हासली, बाबा." तिसऱ्या दिवसापासून म्हणायची थांबली. मला काहीतरी व्हायला पाहिजे होतं. मी मेथी निवडत होते, निवडत राहिले. बगीच्यात आता जात नाही, गुडघे दुखतात असं कळवलंय. फुटाणे तेवढे बंद झाले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिता तरी येतंय. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही चापट मारायला येणार नाही. आज दुपारी घरी आम्ही दोघीच होतो. मुलगा नाही, सून नाही, त्या बायका नाहीत, म्हणजे खोटं बोलायला काही कारणच नव्हतं. तिच्या दंडावरच्या वणाला मी खोबरेल लावून राहिले होते. ती म्हणाली, "आजी, मले आठवतच नाही मी कधी हासली. पण हासली असन न? माझीच गलती होती न?"

मी म्हटलं, "हो बेटा."