नमुना ‘क’ अद्याप न मोडल्याबाबत

प्रति,
मा. भांडार नियंत्रक,
वैनगंगा काष्ठकला संस्था,
विभागीय कार्यालय, चंद्रपूर.

अर्जदार : देवराव मोहुर्ले, कार्यदेशक, संस्थेची कार्यशाळा, आलापल्ली, जि. गडचिरोली.

विषय : कार्यशाळेसाठी टिकाऊ ब्लो गन निवडण्याबाबत, तसेच निवडलेली गन न मोडता मंजूर होण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र जा. क्र. भांनि/बदली/४१८, दि. २७ जानेवारी २०२५.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार पुढीलप्रमाणे सविनय निवेदन करतो.

१. अर्जदार सदर कार्यशाळेत सव्वीस वर्षे कामाला असून त्यातली शेवटची नऊ वर्षे कार्यदेशक आहे. येथे सागवानाचे कोरीव काम होते. कोरलेल्या खाचेत भुसा बसतो. तो फडक्याने निघत नाही, ब्रशने आणखी आत जातो, आणि तोंडाने फुंकला तर फुंकणाऱ्याच्याच डोळ्यात येतो. म्हणून कॉम्प्रेसरच्या पाईपला ब्लो गन लावतात. खटका दाबला की हवेचा झोत सुटतो आणि खाच स्वच्छ होते. वस्तू वीतभराची आहे. पण दिवसातून हजारदा तिचा खटका दाबला जातो, ती टेबलावरून पडते, तेलात लोळते, कधी कुणाच्या पायाखाली येते. एवढे सोसेल अशी गन मिळावी, इतकीच मूळ मागणी होती.

२. आपल्या कार्यालयाकडून आजवर प्लास्टिकची गन येत असे. ती फार तर तीन आठवडे टिके. मोडली की मोडकी गन जोडून अर्ज करायचा, मग तशीच दुसरी यायची. या अर्जांमुळे अर्जदाराचे हस्ताक्षर बरेच सुधारले. कार्यशाळेला दुसरा लाभ झाल्याचे आढळत नाही. गेल्या जूनमध्ये अर्जदाराने टिकाऊ गनची मागणी केली. त्यावर कार्यालयाने तीन नमुने पाठवून निवड समिती नेमली आणि तीन महिने चाचणी घेण्यास कळविले. तुम्हाला काय पाहिजे, असे कार्यालयाने विचारण्याची ही सव्वीस वर्षांतली पहिलीच वेळ. अर्जदाराने ते पत्र घरी नेऊन पत्नीस वाचून दाखविले होते, हे येथे नमूद करण्यास हरकत नसावी.

३. समितीत तिघे होते : अर्जदार, आपल्या कार्यालयातील भांडार लिपिक श्री. लोकेश चापले, आणि कोरीव कामाच्या कारागीर श्रीमती सोनीबाई तलांडी. गन सर्वांत जास्त त्यांच्याच हातात असते. नमुना ‘अ’ प्लास्टिकचा, ‘ब’ अॅल्युमिनियमचा पण खटका प्लास्टिकचा, आणि ‘क’ अखंड पितळी, खटका पोलादी. सोनीबाईंनी तिन्ही हातात घेतल्या, दोन-दोनदा खटका दाबला आणि ‘क’ बाजूला काढून ठेवली. श्री. चापले यांनी निकष विचारला. त्या म्हणाल्या, “वजनाले खरी हाये. बाकीच्या दोन हाती धरल्यावरच खोट्या वाटून राह्यल्या.” ‘खोटी वाटणे’ असा रकाना तक्त्यात नसल्याने समितीने तीन महिने रीतसर चाचणी घेतली.

४. चाचणीत ‘अ’ अकराव्या दिवशी मोडली. ‘ब’ चाळीसाव्या दिवसापासून जोडापाशी हवा सोडू लागली व दिवसभर अशी फुसफुसे की करवतीवरचे मुखरू कोडापे दोनदा साप समजून काठी घेऊन आले. ‘क’चा एक रबरी वायसर झिजला, तो सोनीबाईंनी चहाच्या सुट्टीत बदलला. बाकी काही झाले नाही. समितीने एकमताने ‘क’ची शिफारस केली. सोनीबाईंचे मत पहिल्या दिवशीच तयार असल्याने त्यांना फक्त सही करावी लागली.

५. यावर आपले संदर्भीय पत्र प्राप्त झाले. त्यात कळविले आहे की, नमुना ‘अ’ मोडल्यामुळे तो बदलीस पात्र ठरतो, सबब त्याच बनावटीच्या बारा गन मंजूर करण्यात येत आहेत. नमुना ‘ब’ दुरुस्तीस पाठवावा. नमुना ‘क’ मोडलेला नसल्याने त्याच्या बदलीचा प्रश्न उद्भवत नाही; तसेच त्यावर तीन महिने काम सुरळीत चालल्याने नवीन खरेदीची गरज सिद्ध होत नाही; सबब तो सीलबंद करून परत करावा. अर्जदाराने हे पत्र तीनदा वाचले. त्यात व्याकरणाची एकही चूक नाही.

६. अर्जदाराने आज्ञा पाळली. दि. ३ फेब्रुवारीस बारा गन आल्या आणि त्याच दिवशी ‘क’ कापडात शिवून, लाख लावून परत पाठविण्यासाठी कपाटात ठेवली. दि. ५ रोजी सकाळी नवीन गनांपैकी एकीची पुढची नळी हवेच्या दाबाने सुटली आणि सोनीबाईंच्या डाव्या डोळ्याखाली लागली. तीन टाके पडले. नळी डोळ्यापासून किती अंतरावर लागली, ते डॉक्टरांनी अर्जदाराला स्वतःच्या करंगळीचे नख दाखवून सांगितले.

दुसऱ्या दिवशी घरी राहण्यास सांगूनही त्या पट्टी लावून कामावर आल्या. त्या रागात नव्हत्या. मशीनपाशी बसून त्यांनी विचारले, “फोरमनभाऊ, त्या पत्रात मोडल्याची बदली भेटते म्हून लिवलं हाये न? माह्या डोळ्याची भेटली असती का?”

प्रश्न कार्यालयाच्या अखत्यारीतील वाटल्याने तो जसाच्या तसा सादर केला आहे.

त्याच दिवशी अर्जदाराने कपाट उघडले व खिशातल्या चाकूने सील कापून ‘क’ सोनीबाईंच्या हाती दिली. यात इतर कोणाचाही सहभाग नाही.

७. दि. ७ रोजी अर्जदार रजा टाकून पहाटेच्या एसटीने चंद्रपूरला गेला. आपण दौऱ्यावर होता. श्री. चापले हे मनाने चांगले आहेत. त्यांनी चहा पाजला, फाईल काढली, सगळे ऐकून घेतले आणि आवाज खाली करून म्हणाले, “देवरावभाऊ, तुम्ही नियम उलटा धरून राह्यले. ती पितळी पाहिजे न तुम्हाले? मंग आधी ती मोडून आना. मोडली का तिचीच बदली टाकतो. बारा भेटतीन.” त्यांनी हे मदतीच्या भावनेने सांगितले, तरी त्यांना याबद्दल विचारणा होऊ नये.

अर्जदाराने परतीच्या सहा तासांच्या प्रवासात या सल्ल्यावर विचार केला आणि अहेरी फाट्यापर्यंत तो त्याला पटला, हे लपवून ठेवणे योग्य होणार नाही.

८. दि. ९ रोजी रविवार असल्याने कार्यशाळा बंद होती. अर्जदाराने ‘क’ शेडच्या छपरावरून तीनदा खाली टाकली. एक ओरखडा आला. नंतर ती ओंडक्यांच्या ट्रॅक्टरच्या चाकाखाली ठेवली. ती मातीत रुतली आणि भुईमुगाच्या शेंगेसारखी उकरून काढावी लागली. पाईपला लावून पाहिली तर हवा पूर्वीसारखीच येत होती. अशी वस्तू आपणच निवडली, याचा अर्जदाराला त्या वेळी अभिमान वाटला आणि मनस्तापही झाला. अखेर त्याने ती ऐरणीवर ठेवून मोठा हातोडा उचलला.

एवढ्यात सोनीबाई आल्या. मार्कंड्याच्या जत्रेसाठी सांगितलेले नंदी पुरे व्हायचे असल्याने त्या सुट्टीतही येतात. त्या दारातच थांबल्या. “काय करून राह्यले, भाऊ?”

“बदली मिळवून राह्यलो,” अर्जदार म्हणाला, आणि श्री. चापले यांचा सल्ला त्यांना सांगितला.

त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग पुढे येऊन ऐरणीवरची गन उचलली, पदराने तिची माती पुसली आणि पाईपला जोडली. “इथी एकच वस्तू इमानानं काम करते,” त्या म्हणाल्या, “अन् तुमी तिलेच ठोकाले निघाले.”

एवढे बोलून त्या नंदीच्या गळ्यातल्या घंटांच्या माळेतला भुसा उडवू लागल्या. अर्जदार हातोडा धरून तसाच उभा होता. सव्वीस वर्षांत दोन विभागीय चौकश्या झाल्या, पण त्यांत कधी मान खाली घालावी लागली नव्हती. ती त्या रविवारी गेली.

९. सबब आपणास विनंती की,

नमुना ‘क’ मोडलेला नाही, प्रयत्न करूनही मोडत नाही, आणि अर्जदार तो यापुढे मोडणार नाही. तरी न मोडल्याच्या कारणावरूनच त्या बनावटीच्या चार गन मंजूर व्हाव्यात. बारा नकोत. चार आल्या तर अर्जदाराच्या पश्चात येणाऱ्या कार्यदेशकालाही बहुधा अर्ज करावा लागणार नाही.

हे नियमात बसत नसल्यास, सील तोडल्याबद्दल आणि शासकीय वस्तू मोडण्याचा निष्फळ प्रयत्न केल्याबद्दल अर्जदारावर योग्य ती कारवाई करावी. अर्जदारास सेवानिवृत्तीस चौदा महिने उरले आहेत. त्याची तयारी आहे. मात्र आदेशात कारण मोघम न लिहिता, ‘टिकाऊ वस्तू कामगाराच्या हाती दिली’ असे स्पष्ट लिहावे. ते पत्रही अर्जदार घरी वाचून दाखवील.

आपला नम्र, व हातोडा जागेवर ठेवून आलेला,

देवराव मोहुर्ले
कार्यदेशक

आलापल्ली
दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) निवड समितीचा अहवाल, तिघांच्या सह्यांसह.
२) दवाखान्याचा कागद, तीन टाके.
३) नमुना ‘अ’ बनावटीच्या अकरा गन, न वापरलेल्या, बारावी दोन तुकड्यांत.
४) कापलेले सील.

टीप : नमुना ‘क’ सोबत जोडलेला नाही. तो कामावर आहे.