अळणी भाजी अन् तुहा कीबोर्ड

प्रिय दादा,

तुहं वर्षश्राद्ध जवळ आलं, अन् आजवर तुले एक ओळ लिहिली नाही. पण परवा तुह्या त्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रामचं नवीन व्हर्जन आलं, अन् त्यातून टाईपरायटरसारखी कळांची जुनी मांडणी काढून टाकली. मी 'श्री' टाईप केलं तं भलतंच अक्षर उमटलं. समोर गिऱ्हाईक बसलेलं, अन् माही बोटं जागच्या जागी थांबली. हे तुले नाही तं कोणाले सांगू?

तू अन् तुह्या दोस्तायनं मिळून तो प्रोग्राम बनवला होता. वाशिमच्या स्टँडसमोर माह्या टायपिंगच्या दुकानात तूच लावून देल्ला. म्हणे, "हा कोण्या कंपनीचा नाही, बेबी. आपल्या सगळ्यायचा हाय." त्या 'आपल्या'त मी मलेही धरलं. चुकलं काय माहं?

मी तुह्या त्या दोस्तायच्या ग्रुपवर लिहिलं. अनसिंगहून, मेडशीहून पोरी माह्याकडे शिकाले येतात, त्यायची बोटं याच मांडणीवर बसली, आता त्यायनं काय करायचं? उत्तर गोडच आलं. म्हणे जुनी मांडणी सांभाळाले माणूस नाही, तुमी सांभाळता काय? कोड लिहिणाऱ्यायनं मत देलं अन् ठरलं. वापरणाऱ्याले मत नाही. दिवसभर लोकायचे अर्ज टाईप करणारी मी, मले कोड कुठून येईन?

खरा घाव तं पुढं बसला. एकानं लिहिलं, "ताई, हा नियम तुमच्याच भावानं आणला होता. जो काम करेल, त्याचं मत."

काहून रे दादा? तुले वाटलं असन, फुकट वापरणारे नुसते हुकूम सोडतात. खोटं नाही ते. तू ताट तसंच ठेवून त्या कामात बसे, वहिनी किती बोले तुले. ग्रुपवरच्या या पोरायचंही तसंच असन, म्हणून त्यायच्यावर धड चिडताही येत नाही. पण मंग मी कोण? पाहुणी?

मेडशीचा भंडारा आठवते तुले? वांग्याची भाजी तूच केलती. निवद दाखवल्याबिगर चाखाचं नाही, म्हणून चुलीपाशी कोणालेच मिठाचा पत्ता नव्हता. पहिली पंगत गुपचूप खाऊन राह्यली होती. फुकटच्या जेवणाले नाव कोण ठेवते? मीच म्हटलं, "दादा, भाजी अळणी हाय." मायनं डोळे वटारले. तू मले 'मंग तूच रांध' म्हटलं काय? नाही. तू मिठाचं भांडं घेऊन साऱ्या पंगतीतून फिरला.

मंग ते कसं इसरला रे?

वाईट वाटून घेऊ नको, पण तुह्याच नियमाच्या विरुद्ध मी उद्या ग्रुपवर लिहिणार हाय. तुह्या नावाचा मुलाहिजा ठेवणार नाही. ते मले मत देवोत का न देवोत, अळणीले मी अळणीच म्हणीन. कोणी मीठ घेऊन उठत नाही तवर पंगतीतून हालणार नाही, हे तुले वचन.

तुही,
बेबी