अठ्ठ्याऐंशी लिटर

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

दुष्काळाचं साल होतं. सोलापुरात प्यायला पाणी नव्हतं, गिरणीच्या रंगखात्याला कुठून मिळणार? चादरीचं सूत ब्लीचिंग पावडरच्या पाण्यातून काढायचं, साध्या पाण्यात धुवायचं आणि मग अ‍ॅसिडच्या टाकीत घालायचं, ही तिथली रीत. तुम्ही मुकादम. त्या वर्षी तुम्ही मधलं धुणं बंद केलंत आणि ब्लीचच्याच टाकीत अ‍ॅसिड ओतायला लावलंत. ओल्या सुतावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद. एके दिवशी मी तुमचा डबा घेऊन आले आणि दारातच खोकत उभी राहिले. त्याच आठवड्यात शाळेत बाईंनी वायूंची गणितं शिकवलेली: अ‍ॅसिड पडलं की एकशे सत्तावीस ग्रॅम पावडरीतून बावीस पूर्णांक चार लिटर क्लोरीन, म्हणजे विषारी वायू. टाकीत अर्धा किलो पावडर उरली असं धरून मी गणित सोडवलं. अठ्ठ्याऐंशी लिटर. वही तुमच्यापुढे धरली आणि म्हटलं, निदान खिडकी तरी उघडा.

तुम्ही वहीकडे पाहिलंही नाही. "गणितानं सूत पांढरं हुतंय व्हय, मास्तरीणबाई? वास लागला की भाईर यायचं. लई शिकलीस, आता बास." सगळे हसले. अ‍ॅसिडची बरणी धरलेला तुमच्या हाताखालचा माणूसही हसला. दहावीच्या परीक्षेआधी तुम्ही माझं त्यांच्याशीच लग्न लावून दिलंत.

तुम्हाला गणित कळलं नाही, याचा मला राग नाही. वास तर कळत होता. अ‍ॅसिड ओतायच्या वेळी तुम्ही दाराबाहेर उभे असायचात, अप्पा. मी पाहिलंय.

पुढे पाऊस झाला, पाणी आलं, तरी मधलं धुणं काही परत सुरू झालं नाही. तुम्ही गेल्यावरही माझे हे तसंच करत राहिले, मुकादमांची पद्धत म्हणून. चाळिशी यायच्या आत खोकून खोकून गेले. डॉक्टर म्हणाले, विडी. त्यांनी आयुष्यात विडी ओढली नव्हती. नंतर मी वाचनालयातून रसायनाची पुस्तकं आणून एकटीनं वाचली, गणित पुन्हा मांडलं. उत्तर बरोबर होतं.

हे पत्र वहीतच ठेवणार आहे. ती वही लग्नात माझ्याबरोबर ट्रंकेतून आली होती. बारा वर्षं मी ह्यांना रोज डबा बांधून दिला आणि वही एकदाही बाहेर काढली नाही. त्या दिवशी तेही हसले होते, अप्पा. मला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं.