बोटभर खलातलं काजळ

९ सप्टेंबर

पोचले एकदाची सॅलोबीला! गाव इतकं सपाट आहे की इथे डोंगर म्हणजे रेल्वेचा पूल. पण घर ऊबदार आहे, शेजारी बेकरी आहे, आणि काम माझ्या आवडीचं: लोकांना शेतात सापडलेल्या जुन्यापुराण्या वस्तू तपासून नोंदवायच्या. संग्रहालयाची मागची खोली माझी. आधीच्या बाई जाताना बिस्किटांचा डबा ठेवून गेल्या, देव त्यांचं भलं करो.

माझा नवरा रोरी दर खेपेला दोन आठवडे समुद्रात, पवनचक्क्यांच्या कामावर. मी आणि वाटाणा दोघंच. वाटाण्याला अठ्ठावीस आठवडे झाले. दुपारी तीनच्या चहाला हमखास लाथ मारतो. आधीची दोन टिकली नाहीत, त्यामुळे एकेका लाथेला मी जपते. ती लागली की माझा जीव भांड्यात पडतो.

१७ सप्टेंबर

गुरुवार म्हणजे धातुशोधकांचा, यंत्र घेऊन शेतं धुंडाळणाऱ्या हौशी लोकांचा दिवस. हातात मार्जरीनचे डबे घेऊन म्हाताऱ्यांची रांग. सगळ्यात पुढे डेसमंड थर्केटल, आयुष्यभर पाणउपशाचे पंप दुरुस्त केलेला माणूस. बरोबर बायको, अ‍ॅविस. हा एकटा आला तर गप्पा छाटत बसतो आणि घरी जेवण गार होतं, असं तिने आल्याआल्या सांगून टाकलं.

डब्यात कापसावर काशाचा बोटभर खल! चंद्रकोरीसारखा वाकलेला, मध्ये खोबण, एका टोकाला बैलाचं तोंड. शेजारी खोबणीत बरोब्बर बसणारी दांडी. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी बाई यात काजळ घोटत असणार. जोडी एकत्र सापडणं म्हणजे लॉटरीच.

पण डेसमंडने तो थुंकी लावून अंगठ्याने साफ केला होता. मी चांगली खरडपट्टी काढली. त्यावर म्हणे, पोरी, थुंकीसारखा साबण अजून कंपनीने काढला नाही. आणि मग मी शहाणीने काय करावं? हातमोजे बाजूला टाकून, नक्षी दिसावी म्हणून अंगठा ओला करून खोबणीत फिरवला. बैलाचं नाक घासून गुळगुळीत झालंय. त्यावर माझा अंगठा असा बसला की हलवावासा वाटेना.

सापडल्याची जागा विचारली, तर त्याने नकाशावर पटकन बोट ठेवलं: चॅपलमागचं शेत. लिहून घेतलं आणि खल ठेवून घेतला.

२५ सप्टेंबर

अंगठ्याचं टोक बधिर आहे. टाचणी टोचून पाहिली. रक्त आलं, कळलं काहीच नाही.

दुपारी अ‍ॅविस एकटी आली. रविवारी डेसमंडने ओव्हनमधलं तापलेलं भांडं उघड्या हातांनी उचलून टेबलावर ठेवलं, तळव्यांची सालटी निघाली, आणि हा विचारतो रस्सा कुठाय. मंगळवारी चौदा वर्षांच्या कुत्रीला शेवटचं इंजेक्शन द्यावं लागलं. हाच तिला बाटलीने दूध पाजून वाढवणारा. दवाखान्यातून बाहेर पडताना म्हणाला, रात्री काय करतेस जेवायला? हे सांगताना अ‍ॅविस आधी हसली. मग मटकन खुर्चीत बसली.

ती बोलत होती तेव्हा माझा हात दांडी घोटत होता. खल पिशवीतून कधी काढला, आठवत नाही. खोबणीत काळी पूड चिमूटभर होती. आता काठोकाठ आहे, आणि ओली.

२ ऑक्टोबर

बधिरपण कोपरापर्यंत गेलं. डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात नसा दबतात, काळजी नको.

तीन वाजता चहा घेतला. लाथ नाही. चार वाजता नाही. मी वेड्यासारखी गाडी हाणत इस्पितळात गेले. ठोके उत्तम. पडद्यावर वाटाणा हातपाय झाडत होता. नर्स म्हणाली, बघा कसा धिंगाणा घालतोय, झोपू देत नसेल! पोटावर माझा हात होता. आत मला काहीच जाणवत नव्हतं. गाडीत बसून ढसाढसा रडले.

आरशात पाहिलं तर दोन्ही डोळ्यांखाली काळी रेघ. मी लावली नव्हती. पुसली.

६ ऑक्टोबर

अ‍ॅविसचं म्हणणं, हे सगळं खलामुळे, तो जिथून निघाला तिथे परत पुरायचा. नोकरी जाईल. गेली खड्ड्यात. मला माझी लाथ परत हवी आहे.

भर दुपारी दोघी फावडं घेऊन चॅपलमागच्या शेतात गेलो आणि हातभर खोल पुरलं. फाटकाशी मालकीण उभी होती. म्हणाली, या रानात यंत्र घेऊन आजवर कुणीच आलं नाही, आम्ही येऊच देत नाही.

खोटी जागा. सगळे धातुशोधक हेच करतात. खरं शेत सांगितलं तर चोर खणून नेतील, म्हणून शेजारचं दाखवतात. हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी दोनदा विचारलं नाही.

दोघी माझ्या घरी आलो तर खल माझ्या स्वेटरच्या खिशात. अ‍ॅविसने पाहिला. फावडं तिथेच खाली टाकलं.

८ ऑक्टोबर

डेसमंडला खरी जागा विचारली. हाताला पट्ट्या, डोळ्यांत रेखीव काजळ. तो नाही म्हणाला नाही. म्हणाला, काय फरक पडतो?

अ‍ॅविस त्याच्या पायाशी बसून रडली. सेहेचाळीस वर्षांचा संसार. मग तिने त्याच्या थोबाडीत मारली. त्याने चहाचा कप बाजूला सरकवला, सांडू नये म्हणून.

मला भीती वाटली. अजून वाटते आहे, हे बरं आहे.

१५ ऑक्टोबर

छातीपर्यंत. जेवणाला चव नाही. रोरी आलाय. रडला. मी त्याच्याकडे पाहत होते —

रेघ पुसणं सोडलं.

२६ ऑक्टोबर

अ‍ॅविस दारात. टपालाच्या फटीतून ओरडत होती. डेसमंडची वही सापडली — खरी जागा पंपघराच्या कोपऱ्यात — गाडी चालूच ठेवली आहे, खल घे आणि चल, पोरी, अगं चल ना, तुझ्या बाळासाठी तरी —

सगळं ऐकू आलं. दारापर्यंत आठ पावलं. मी बसून राहिले. चहा गरम होता, किंवा नव्हता.

बराच वेळ दार वाजत होतं.

४ नोव्हेंबर

रोरी विचारतो, मुलगा हवा की मुलगी.

घोटते आहे.

१९ नोव्हेंबर

दुपार. जमीन ओली. रोरी खाली फोनवर, सुईणीला पत्ता सांगतोय. इतकं लवकर होईल असं त्याला वाटलं नव्हतं. मला काही कळलंच नाही. खाली पाहिलं तर —

मुलगी आहे. टॉवेलवर. रडते आहे. गारठा बोचतो तिला, उजेड खुपतो. माझं बोट लागलं तरी रडते. सगळंच बोचतं तिला.

आई आहे मी. बघवत नाही, असं लिहायला हवं.

काजळ ओलं आहे. रेघ ओढली की काही बोचणार नाही तिला. रोरी जिना चढतोय. डोळे घट्ट मिटलेत तिने, मी एका हाताने तिची पापणी धरून —