वाळूने भरलेली कळशी

प्रिय आत्या,

काल सोसायटीच्या गणपतीत तुझी कळशी टांगली. तू गेल्यानंतरचा हा पहिला गणपती. काल जे झालं ते मी सकाळपासून दोघातिघांना फोनवर सांगून पाहिलं. "अच्छा? मग?" यापलीकडे कुणी जात नाही! हे ऐकून जी हातातला चहा बाजूला ठेवून सरसावून बसली असती, ती एकटी तूच. म्हणून तुलाच लिहितेय.

आपण मयूर विहारमध्ये राहायला आलो तेव्हाचे दिवस आठवतात ना? फ्लॅटची किल्ली मिळाली होती, पण लिफ्ट नव्हती, आणि पाणी यायचं ते फक्त खालच्या नळाला. यमुनेपलीकडचे नातेवाईक विचारायचे, "तिकडे माणसं राहतात का?" आई-बाबा रोज कुरकुरत. आणि तू, शाळेतली विज्ञानाची बाई, बिल्डरने मागे टाकलेली वाळू, फळ्या, दोर आणि दोन गंजक्या कप्प्या बघून हरखलीस. "अगं, यांनी फ्लॅटबरोबर प्रयोगशाळाच दिली की!"

त्या कप्प्यांनीच तर आपण पाणी वर ओढलं. एक कप्पी बाल्कनीला बांधली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या हरप्रीतकडून बादली जागची हलेना. मग तू दुसरी कप्पी बादलीलाच लावलीस, आणि तो काडीपैलवान ती एकटा ओढायला लागला! ओढतोय, ओढतोय, बादली आपली सावकाश वर येतेय. शेवटी तो वैतागून ओरडला, "आंटी, रस्सी तो खतम ही नहीं हो रही!"

तू टाळीच वाजवलीस. "बिल्कुल! अब बताओ, मुफ़्त में क्या मिला?"

आम्ही ओढलेला दोर मोजला. जोर निम्मा लागला होता, पण दोर दुप्पट ओढावा लागला होता. फुकट काहीच मिळालं नव्हतं. एवढं चोख वागणारं काहीतरी आपल्या बाल्कनीत, त्या गंजक्या लोखंडात आहे, हे कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला होता. आजही लिहिताना येतोय बघ.

मात्र एका गोष्टीचा राग माझा अजून गेलेला नाही. तू कधी सरळ उत्तर का दिलं नाहीस? "काय समजलं?" असं तू कधी विचारायची नाहीस. तुझं आपलं एकच, "काय दिसलं?" एकदा मी चिडून म्हटलं, "पुस्तकात लिहिलंय की!" तर म्हणालीस, "मग ते पुस्तकाला दिसलं असेल. तुला काय दिसलं?" किती छळलंस गं!

दिवाळीच्या किल्ल्यावरून तू गोटी सोडायला लावायचीस. वाळूत ती लगेच रुतायची, फळीवर लांब जायची, आणि घरातल्या फरशीवर तर भिंतीला आपटेपर्यंत थांबायचीच नाही. "चालत राहायला तिला कुणाची गरज नाही. थांबवतंय कोण, ते शोधा," असं म्हणून तू आत निघून गेलीस. त्यानंतर कितीतरी दिवस मी थांबलेल्या प्रत्येक वस्तूकडे संशयाने बघत होते.

पण मुलं वर्षभर वाट बघायची ती गणपतीची. इतर सोसायट्यांतली मुलं केबलवरच्या गाण्यांवर नाचायची, आणि तू सोसायटीच्या हॉलमधल्या पंख्याच्या हुकाला दोर बांधून वाळूने भरलेली पितळी कळशी टांगायचीस. खांबाला पाठ आणि डोकं टेकून उभं राहायचं, कळशी ओढून नाकाला लावायची आणि नुसती सोडायची. ढकलायची नाही. ती हॉलभर झोका घेऊन परत अंगावर येणार, आणि आपण हलायचं नाही. मुलांच्या आधी तू स्वतः उभी राहायचीस. जाडजूड चष्मा काढून आईच्या हातात द्यायचीस आणि तोंडावर धावत येणाऱ्या त्या कळशीकडे चक्क हसत बघायचीस!

यंदा हे सगळं बंदच पडणार होतं. सेक्रेटरी खन्नाजी आधीच म्हणाले, "मैडम, किसी बच्चे को लग गया तो? अब रहने दीजिए." त्यांचंही काय चुकलं? आता मुलांना कोचिंग आहे, कॉम्प्युटरचा क्लास आहे, रविवारी गच्चीवर तुझ्या प्रयोगांना यायचे ते निम्मेही येत नाहीत. मी कशीबशी परवानगी मिळवली. पण अट अशी, की काही गडबड झाली तर कळशीही बंद आणि गच्चीवरचे रविवारही बंद.

आणि गडबड झाली ना! केली कुणी? आपल्या आईने!

आईला वाटलं, आत्याची कळशी, गणपतीपुढे टांगलेली, ती बोडकी कशी ठेवायची? मी खांबाला टेकून उभी राहिले तेवढ्यात तिने पुढे येऊन कळशीला हळदकुंकू लावलं आणि गळ्यात झेंडूचा भला मोठा हार घातला. तिचे डोळे भरलेले. नको कशी म्हणणार? मी हार हाताने बाजूला धरला, कळशी नाकाला लावली आणि सोडली.

आत्या, ती परत येताना केवढी मोठी दिसते गं! कळशी नाकापुढे आली, थबकली, आणि तो हार उसळून फाडकन माझ्या तोंडावर बसला. मी किंचाळले. बायका किंचाळल्या. कुणीतरी "लागली, लागली" म्हणून ओरडलं, खन्नाजींनी धावत येऊन दोर धरला. "बस! हो गया! उतारिए इसे!"

दाताला झेंडूची पाकळी चिकटली होती. मला वाटलं, संपलं. तू एवढ्या वर्षांत उभं केलेलं मी एका मिनिटात घालवलं.

आणि मागून हाक आली, "आत्या!"

खरं सांगते, मी वळून तुलाच शोधलं. मग लक्षात आलं, दादाची सई मला हाक मारतेय. आता आत्या मी आहे!

सई पुढे आली, खन्नाजींसमोर उभी राहिली. "अंकल, कळशी लगी ही नहीं. माला लगी. मैंने देखा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कळशी तर तिथूनच परत चालली होती. हार काढ ना. मी उभी राहते."

खन्नाजी माझ्याकडे बघायला लागले, दादाही. हो म्हणायचं ते मीच. जिथून सोडली त्याच्या पुढे कळशी येत नाही, हा नियम मला पाठ आहे, शंभर वेळा पाहिलाय, तरी मी दोराची गाठ दोनदा ओढून पाहिली. लेकरू दुसऱ्याचं आणि कळशी एवढी जड! तुलाही दरवर्षी अशी भीती वाटायची का? आम्हाला कधी दिसलं कसं नाही?

मी हार काढला. सईचं डोकं खांबाला नीट टेकवलं. "ढकलू नकोस, नुसती सोड."

कळशी गेली, वळली, आली. सईच्या नाकाशी येऊन ती क्षणभर टांगल्यासारखी थांबली आणि मागे फिरली. त्या पोरीची पापणी लवली नाही! खन्नाजींच्या तोंडून हळूच "वाह" निघालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण सईचं लक्षच नव्हतं. ती तशीच उभी राहून कळशीचं येणं-जाणं बघत होती.

मग म्हणाली, "आत्या, ती दर वेळी थोडी थोडी लांबून परत जातेय. माझ्यापर्यंत येतच नाहीये. उरलेलं कुठे जातं?"

उत्तर मला येतं. अगदी जिभेवर होतं. आत्या, एवढी वर्षं ओठ मिटून धरायला तुला किती जड गेलं असेल, ते मला काल कळलं.

रविवारी सई गच्चीवर येणार आहे, आणि तिच्याबरोबर खन्नाजींची नातही. वचन देते, मी त्यांना काही सांगणार नाही.

तुझी,
मंजू