काळा भुंगेरा, नवी प्रजाती

३ मार्च
निवृत्तीला अठ्ठावन्न दिवस. म्युझियमच्या कीटक विभागात बत्तीस वर्षं लेबलं लिहिली, सगळी दुसऱ्यांच्या नावांची. आज घरच्या गॅलरीतल्या गुलाबावर नशीब उघडलं. काळ्या ठिपक्यांचे नारिंगी भुंगेरे नेहमीचेच. त्यांच्यात एक काळाकुळकुळीत, लाल ठिपक्यांचा! नवी प्रजाती. जाता जाता माझं नाव राहणार. तूर्त कुणाला सांगायचं नाही.

३ मार्च, संध्याकाळी
हिला सांगितलं. मुलीला फोन केला. मेहुण्यालाही केला, कारण तो दर भेटीत विचारतो, तुम्ही तिथे नक्की करता काय.

६ मार्च
विभागप्रमुख मॅडमना दाखवला. म्हणाल्या, नुसत्या रंगावरून ठरत नाही. दोघांची वीण होते का, पिल्लं धडधाकट निघतात का, त्यांना पुढे पिल्लं होतात का, ते बघा. आणि आधी आपले जुने ड्रॉवर बघा. ते ड्रॉवर बत्तीस वर्षं मीच लावतोय, त्यात मी काय बघायचं! शिवाय शोधणाऱ्याने स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं म्हणे. ठीक. त्यांनाच सुचवायला लावीन.

७ मार्च
प्रयोग सुरू. जॅमची बरणी, तोंडाला जाळीचं कापड. आत एक नारिंगी, एक काळा. खायला गुलाबावरची मावा कीड. निश्चय: रोज पहाटे सहाला निरीक्षण, मग तासातासाला नोंद.

८ मार्च, सकाळी ९.४०
उठायला जरा उशीर. दोघे बरणीच्या दोन टोकांना. एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. जवळजवळ सिद्धच झालं.

११ मार्च
काळा नारिंगीच्या पाठीवर. मारामारी. दोन तास चालली. ही डोकावून गेली, म्हणाली, ही मारामारी नव्हे. हिला शास्त्रातलं काय कळतंय.

१५ मार्च
पानाखाली पिवळे दाणे. अंडी. मॅडम म्हणाल्या, अभिनंदन! मी म्हटलं, घाई नको, पिल्लं जगणार नाहीत.

२० मार्च
जगली. एकोणीस अळ्या. पण अशक्त वाटतात बिचाऱ्या.

२ एप्रिल
अशक्त नाहीत, खादाड आहेत. आमच्या गुलाबावरचा मावा संपला. शेजारच्या काकूंची सगळी झाडं साफ करून दिली. त्या खूश, माझी कंबर गेली. मेहुण्याने विचारलं, पेपरात कधी येणार? कळवलं, प्रक्रिया सुरू आहे.

१२ एप्रिल, सकाळी १०
कोशातून बाहेर पडले. सगळे पिवळेधमक, एकावरही ठिपका नाही! तिसरी प्रजाती! मॅडमना निरोप ठेवला. निरोपसमारंभाचं भाषण नव्याने लिहायला घेतलं.

१२ एप्रिल, संध्याकाळी ६
रंग चढला. अकरा नारिंगी, आठ काळे. एकाच आईबापांचे. ही म्हणाली, तुम्ही आणि भावजी शेजारी उभे राहिलात तर सख्खे भाऊ वाटत नाही, म्हणून सासूबाईंनी तुम्हाला वेगळ्या प्रजातीत घातलं का? रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो. हे संकरित असणार. वेगळ्या बरणीत ठेवले. त्यांना पुढे पिल्लं व्हायची नाहीत. आशा आहे.

२७ एप्रिल
त्यांच्या बरणीतही पिवळे दाणे.

२९ एप्रिल
दाणे फुटले. आत वळवळ. मॅडमना कळवलं नाही.

३० एप्रिल
निरोपसमारंभ. भाषण खिशातच ठेवलं, आभार मानून बसलो. नंतर किल्ल्या परत देण्याआधी ड्रॉवर एकदा तपासले. अगदी खालच्या ड्रॉवरमध्ये नारिंगी भुंगेऱ्यांच्या ओळीत सहा काळे टाचलेले. खाली लेबल, माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाचं: ‘काळा प्रकार. प्रजाती तीच.’ अक्षर माझं.

फार वाईट वाटलं. मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. त्यांना ते लेबल कधीपासून माहीत होतं, हे मी विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, इतकं सुबक अक्षर आता कुणी काढत नाही.

घरी येऊन दोन्ही बरण्या गुलाबापाशी उघडल्या. मेहुण्याचा फोन वाजत होता. उचलला नाही.